नवव्या दिवशी दाखल झालेला टायफॉईड: खानापूर-बेळगाव भागातलं एक प्रकरण

रुग्ण २६ वर्षांचा पुरुष, वजन ५८ किलो. गाव खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, काम बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत. अनगोळला भाड्याच्या खोलीत चौघे मिळून राहतात. दोन वेळचा डबा खानावळीतून येतो. शनिवारी रात्री गावी, सोमवारी पहाटे परत. महिना जुलै, पाऊस धो-धो. तापाच्या नवव्या दिवशी त्याला दवाखान्यात दाखल केलं.

हे प्रकरण या भागात पावसाळ्यात नेहमी दिसणाऱ्या रुग्णांच्या चालीवर बांधलेलं आहे. ती कुणा एका माणसाची फाईल नव्हे. औषधांची मात्रा आणि तपासण्यांचे निकष मात्र प्रचलित उपचारपद्धतीतलेच आहेत.

पहिले आठ दिवस

सुरुवात साधी होती. संध्याकाळी अंग मोडून यायचं, कपाळ ठणकायचं, रात्री ताप. सकाळी जरा बरं वाटायचं म्हणून तो कामावरही गेला. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोलची जोडगोळी आणली, दिवसाला दोन, तीन दिवसांची. सोबत पॅरासिटामॉल. दोन दिवसांत ताप जरा उतरल्यासारखा वाटला, उरलेल्या गोळ्या खिशातच राहिल्या. सहाव्या दिवशी गावी गेल्यावर तिथे दोन सुया घेतल्या, एक अमिकासिन या अँटिबायोटिकची आणि एक डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची. त्या रात्री घाम फुटून ताप पार उतरला. सातव्या दिवशी दुपारी परत १०३. आठव्या दिवशी लॅबमध्ये वाइडल ही टायफॉईडची रक्तचाचणी केली. ‘ओ’ १:१६०, ‘एच’ १:८०, मलेरिया निगेटिव्ह. कागदाच्या खाली शिक्का: टायफॉईड पॉझिटिव्ह.

या आठ दिवसांत पॅरासिटामॉल सोडून चार औषधं झाली आणि त्यांतलं एकही या जंतूवर चाललं नाही. का, ते एकेक करून बघण्यासारखं आहे.

ऑर्निडॅझोल चालतं ते अमीबा, जिआर्डिया आणि ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंवर. टायफॉईडचा साल्मोनेला टायफी त्याला दाद देत नाही. ‘पोटाचा आजार म्हणून पोटाची गोळी’ या हिशोबाने ती जोडगोळी दिली जाते. ऑफ्लॉक्सासिन हे सिप्रोफ्लॉक्सासिनच्याच घराण्यातलं. एके काळी टायफॉईडवर ते रामबाण होतं, पण आज भारतात सापडणाऱ्या बहुतेक टायफी जंतूंच्या जायरेज या एन्झाइममध्ये बदल झालेला आहे आणि त्यामुळे औषध तिथे नीट बसत नाही. ताप थोडा दबतो, जात नाही. शिवाय अर्धवट घेतलेल्या त्या चार-पाच गोळ्यांनी पुढे कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याच्या तपासणीत, जंतू सापडण्याची शक्यता कमी करून ठेवली.

अमिकासिनची गोष्ट जास्त फसवी आहे. काचेच्या बशीत अमिकासिन टायफीला मारतं. पण शरीरात हा जंतू मॅक्रोफेज नावाच्या पेशींच्या आत जाऊन राहतो, आणि अमिकासिन, जेंटामायसिनसारखी औषधं त्या पेशीत पुरेशी शिरत नाहीत. म्हणूनच जाणती लॅब साल्मोनेलाच्या अहवालात अमिकासिन, जेंटामायसिन किंवा सेफालेक्सिन, सेफ्युरॉक्झिमसारखी आधीच्या पिढीतली सेफालोस्पोरिन्स ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे जंतूवर चालणारी, म्हणून छापत नाही. छापलेलं दिसलं तर त्यावर जाऊन औषध निवडू नये.

डेक्सामेथासोनने ताप उतरतोच, कुठल्याही आजारातला. जंतू तिथेच असतात. टायफॉईडमध्ये या औषधाला एकच जागा आहे: शुद्ध हरपत चाललेला किंवा शॉकमध्ये गेलेला रुग्ण. तिथेही योग्य अँटिबायोटिकच्या जोडीने, भरती करून, ४८ तासांपुरतंच. एरवी दिलेली ही सुई आतडं फाटल्यावर होणारं पोटाचं दुखणंसुद्धा झाकून टाकते. तापाच्या दुसऱ्या आठवड्यात ते झाकलं जाणं फार महागात पडतं.

दाखल करतानाची अवस्था

ताप १०३.२ फॅरनहाइट, नाडी ९२, रक्तदाब १०६/६८. एवढ्या तापात नाडी ११० च्या पुढे असायला हवी. ती मागे राहिली ही टायफॉईडची जुनी खूण आहे, नेहमी असतेच असं नाही, पण असली की लक्ष वेधते. जीभ मधोमध पांढरट साका धरलेली, कडा लाल. पोट किंचित फुगलेलं, उजवीकडे खाली दाबल्यावर गुरगुर. प्लीहा बोटाला दोन सेंटिमीटर लागत होती. गेले चार दिवस शौचाला झालं नव्हतं. आतड्याचा आजार म्हणजे जुलाब असणारच ही समजूत मोठ्या माणसांच्या बाबतीत अनेकदा चुकते. त्यांच्यात टायफॉईड बद्धकोष्ठ घेऊनही येतो.

रक्तात पांढऱ्या पेशी ४,१००, त्यांतल्या इओसिनोफिल जातीच्या शून्य, प्लेटलेट १ लाख ३२ हजार, एसजीपीटी (यकृताची तपासणी) ९६. प्लेटलेटचा आकडा बघून घरच्यांच्या तोंडी लगेच डेंग्यू. नवव्या दिवशी डेंग्यूची एनएस१ चाचणी निगेटिव्ह येण्याला फारसा अर्थ नसतो, ती पहिल्या चार-पाच दिवसांची. म्हणून आयजीएम ही प्रतिपिंडांची चाचणी केली, तीही निगेटिव्ह. खानापूरकडचा माणूस, जुलै महिना, रविवारी घरच्या रोप लावणीत अनवाणी चिखलात उभा होता, म्हणजे चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस मनात धरायलाच हवा. जंगलालगतचं गाव म्हणून बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफसही. काखा, जांघा, कमरेच्या पट्ट्याखालची जागा, कानामागे, सगळीकडे त्या चाव्याची काळी खपली शोधली. सापडली नाही. स्क्रबची आयजीएम निगेटिव्ह. टायफॉईडवर दिलं जाणारं सेफ्ट्रिअॅक्सोन हे सुईचं अँटिबायोटिक लेप्टोवर चालतं, स्क्रबवर चालत नाही, स्क्रबला डॉक्सिसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिन लागतं. या पट्ट्यात तापावर सेफ्ट्रिअॅक्सोन सुरू करून निवांत बसता येत नाही ते यामुळे.

वाइडलबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण आपल्याकडे टायफॉईडचं निदान बहुतेक वेळा तिच्यावरच होतं. ही चाचणी १८९६ सालची. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मोजते. ती प्रतिपिंडं आधीच्या संसर्गाने, लशीने किंवा दुसऱ्या जातीच्या साल्मोनेलानेही तयार होतात. टायफॉईड जिथे सदोदित असतो तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही १:८० सहज सापडतं. उलट पहिल्या आठवड्यात खऱ्या टायफॉईडमध्येही ती निगेटिव्ह येते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन आकडा चौपट वाढला तर तिला वजन आहे. एकट्या १:१६० वर चौदा दिवसांचा कोर्स सुरू करणं म्हणजे अंदाजाने औषध देणं. या रुग्णात ती खरी ठरली, पण ते लक्षणांमुळे आणि कल्चरमुळे कळलं. शिवाय कुठलं औषध चालेल हे वाइडल कधीच सांगत नाही.

कल्चरची बाटली

सेफ्ट्रिअॅक्सोनची पहिली मात्रा देण्याआधी दोन्ही हातांतून वेगवेगळं रक्त काढून दोन बाटल्या भरल्या, प्रत्येकीत १० मिली. टायफॉईडमध्ये रक्तातले जंतू फारच थोडे असतात, कित्येकदा एका मिलिलिटरला एखादाच. म्हणून रक्ताचं प्रमाण हीच या तपासणीची किल्ली आहे. पाच मिली रक्त एकाच बाटलीत घालून पाठवायचं आणि ‘वाढ नाही’ आलं की टायफॉईड नाही म्हणायचं, हे रुग्णावर अन्याय करणारं आहे. लहान मुलांच्या बाटल्या वेगळ्या, त्यांना वजनाप्रमाणे १ ते ३ मिली पुरतं.

कातडी ७० टक्के अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडिनने चोळून पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायची, साधारण अर्धा मिनिट. पोव्हिडोन आयोडीन वापरलं तर दीड-दोन मिनिटं. पुसल्यावर शीर परत बोटाने चाचपायची नाही. बाटलीचं प्लॅस्टिकचं टोपण उडवलं की खालचं रबर निर्जंतुक असेल असं धरू नये, तेही अल्कोहोलने पुसावं. भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. छोट्या दवाखान्यांत ही चूक सर्रास होते, कारण बाकीचे नमुने फ्रिजमध्ये जातात. खोलीच्या तापमानाला ठेवून दोन-चार तासांत लॅबला पोचवावी. आधी अँटिबायोटिक झालं असेल तर ते शोषून घेणारे रेझिनचे मणी असलेली बाटली मागवावी. इथे तीच वापरली आणि कागदावर आधीच्या गोळ्यांची नावं लिहिली.

या सगळ्याला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटांनी टायफॉईडच्या उपचारात काही बिघडत नाही.

उपचार आणि तिसरा दिवस

सेफ्ट्रिअॅक्सोन २ ग्रॅम, दिवसातून एकदा, १०० मिली नॉर्मल सलाईनमधून अर्ध्या तासात. रिंगर लॅक्टेट चालू असेल त्याच नळीतून हे औषध सोडायचं नाही, त्यातल्या कॅल्शियमशी ते साका धरतं. तापाला पॅरासिटामॉल ६५०, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसाला चारच्या वर नाही. डायक्लोफिनॅक आणि तसल्या वेदनाशामक सुया पूर्ण बंद, कारण आतड्यावर जखमा आहेत आणि रक्तस्रावाची भीती आहे.

तापाची नोंद दर चार तासांनी. दिवसातला सर्वांत वरचा आकडा असा होता: पहिला दिवस १०३.४, दुसरा १०३.२, तिसरा १०२.६, चौथा १०१.४, पाचवा १००.२, सहावा ९९.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत गर्दी झाली. ‘इंजेक्शन लागू पडंना, मोठ्या दवाखान्यात हलवूया’, ‘ह्याच्यापेक्षा जालीम काय असंल ते द्या’. हा या आजारातला सर्वांत नाजूक टप्पा. जंतूला पूर्ण लागू पडणारं सेफ्ट्रिअॅक्सोन दिलं तरी ताप उतरायला सरासरी ४ ते ७ दिवस लागतात. जंतू पेशींच्या आत आहेत, औषध हळूहळू पोचतं. या टप्प्यावर घाबरून मेरोपेनेम हे राखीव अँटिबायोटिक सुरू केलं की पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरतो आणि श्रेय नव्या औषधाला जातं. पुढच्या रुग्णाला मग पहिल्याच दिवशी मेरोपेनेम. राखीव ठेवायची औषधं अशी वाया जातात.

पण थांबायचं ते डोळे उघडे ठेवून. त्या संध्याकाळी पाहिलेल्या गोष्टी: रुग्णाने स्वतःहून भात मागितला का (मागितला), नाडी आणि रक्तदाब (ठीक), पोट मऊ आहे की ताठ (मऊ), तापाचं शिखर रोज थोडं तरी खाली येतंय का (येतंय). आणि कल्चर. पहिल्या बाटलीत जंतू वाढल्याचा इशारा मशीनने ४१ तासांनी दिला होता, ग्रॅम निगेटिव्ह दांडे, म्हणजे टायफीच्या जातकुळीतले जंतू. म्हणून औषध तेच ठेवलं. वरच्यांतलं एखादं उत्तर उलटं आलं असतं, किंवा सातव्या दिवशीही शिखर १०२ च्या वर राहिलं असतं, तर पोटाची सोनोग्राफी, कुठे पू साठलाय का याचा शोध, दुसरा संसर्ग आणि मग औषधबदल, या क्रमाने जायचं.

चौथ्या दिवशी अहवाल आला, साल्मोनेला टायफी. अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, कोट्रायमोक्साझोल सेन्सिटिव्ह. सेफ्ट्रिअॅक्सोन सेन्सिटिव्ह. अॅझिथ्रोमायसिनच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ १७ मिमी, म्हणजे सेन्सिटिव्ह (१३ किंवा अधिक हवं). सिप्रोच्या घराण्याची परीक्षा म्हणून लावलेल्या पेफ्लॉक्सासिनच्या चकतीभोवती १५ मिमी, तिथे २४ हवं. सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी (जंतूची वाढ रोखायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण) ०.५, शेरा ‘इंटरमीडिएट’, म्हणजे मधला. हा शेरा वाचून मोठ्या मात्रेत सिप्रो देण्याचा मोह होतो. देऊ नये. अशा जंतूंवर ताप लांबतो आणि उपचार फसण्याचं प्रमाण वाढतं. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेला, सेफ्ट्रिअॅक्सोनलाही न जुमानणारा टायफी हा नव्हता. रुग्ण तिकडून प्रवास करून आलेला असेल तर तोही विचार करावा लागतो.

रुग्णाजवळ आत्या बसून होत्या. त्यांची काळजी वेगळीच होती. ‘लई दिस झालं, परसाकडं न्हाई. एरंडेल पाजू का थोडं?’ त्यांना तिथल्या तिथे, रुग्णासमोरच सांगितलं, ‘आत्या, एरंडेल नको, एनिमा पण नको. आतड्याला आतून जखमा झाल्यात, जोर बसला तर फाटंल.’ लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या पायर्स पॅचेस नावाच्या गाठींमध्ये हा जंतू ठाण मांडतो, त्या सुजतात आणि तिथे व्रण होतात. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापासून तिसऱ्या आठवड्यात रक्तस्राव किंवा छिद्र पडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. जुलाबाचं औषध याच दिवसांत घातक. पाणी, पेज, पिकलं केळं एवढ्यावर सहाव्या दिवशी आपोआप शौचाला झालं.

खाण्याच्या बाबतीत उलटी अडचण. टायफॉईड म्हणजे चहा-बिस्किटं असं घराघरांत ठरलेलं आहे आणि रुग्ण उपासमारीनेच खंगतो. मऊ भात, वरण, पेज, ताक, उकडलेलं अंडं, नाचणीची आंबील, सगळं चालतं. कोंड्याचं, तिखट, तळलेलं दोन-तीन आठवडे टाळावं एवढंच.

घरी जाताना

ताप उतरून दोन दिवस झाल्यावर, म्हणजे सुईच्या आठव्या दिवशी, सेफिक्झिम ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा अशा गोळ्यांवर बदल केला, सुया धरून एकूण १४ दिवस पुरे होईपर्यंत. ताप गेल्यावर गोळ्या सोडण्याची खोड या रुग्णाला आधीच होती, म्हणून उरलेल्या सहा दिवसांच्या १२ गोळ्या मोजून दिल्या. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, सरकारी पत्रक कन्नडमध्ये, आणि गोळ्या देणार त्या आत्या फक्त मराठी वाचणाऱ्या. गोळ्यांच्या पाकिटावर मराठीत ‘सकाळी १, रात्री १, जेवल्यावर, अमुक तारखेपर्यंत’ लिहायला अर्धं मिनिट पुरतं. सीमाभागात ते प्रत्येक रुग्णाला करावं. सेफिक्झिम आणि सेफ्ट्रिअॅक्सोन ही शेड्यूल एच१ या कडक नोंदीच्या सरकारी यादीतली औषधं आहेत. २०१४ पासून दुकानदाराने डॉक्टरचं व रुग्णाचं नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची असते.

पाकिटाच्या मागे धोक्याच्या खुणाही लिहिल्या: पोटात एकाएकी जोराची कळ, पोट फुगून ताठ होणं, काळं शौच, ताप अचानक उतरून अंग गार पडणं आणि नाडी धावणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता, रात्री असाल तसे, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात. टायफॉईड ‘उलटतो’ म्हणतात तेही खरं आहे. औषध संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत काही रुग्णांना ताप परत येतो. त्या वेळी परत कल्चर करावं. जंतू बहुधा तोच आणि त्याच औषधाला मानणारा निघतो.

खोलीतला दुसरा

पहिला दाखल झाल्यावर चौथ्या दिवशी खोलीतल्या आणखी एकाला ताप आला. वय २३, गाव चंदगड तालुक्यात. तो तिसऱ्या दिवशी, एकही अँटिबायोटिक न घेता आला. रक्त कल्चरला पाठवून अॅझिथ्रोमायसिन ५०० च्या दोन गोळ्या दिवसातून एकदा, सात दिवस. मात्रा किलोला २० मिग्रॅ, पण दिवसाला १ ग्रॅमच्या वर नाही. याचं वजन ६१ किलो, म्हणून १ ग्रॅम. उलटी नव्हती, पोट मऊ होतं, पाणी पीत होता, भरतीची गरज पडली नाही. अॅझिथ्रोमायसिन देताना हृदयाचा आजार आणि चालू गोळ्या विचाराव्यात. उलटीसाठी सहज लिहून दिली जाणारी ऑन्डान्सेट्रॉनसुद्धा हृदयाच्या ठोक्यातलं क्यूटी अंतर (ईसीजीवर मोजलं जाणारं) वाढवते, दोन्ही एकत्र पडू नयेत. ३६ तासांनी त्याच्याही बाटलीत टायफी. पाचव्या दिवशी ताप गेला.

त्याला गावी जायचं होतं. गेला असता तर त्याची नोंद कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या खात्यात झाली असती, आणि एका खोलीतले दोन रुग्ण दोन राज्यांच्या कागदांत सुटे पडले असते. म्हणून दोघांचा पत्ता अनगोळचाच लावून रोगसर्वेक्षण कार्यक्रमाच्या कचेरीला कळवलं.

पाणी कुठलं, डबा कुठला

दोघांना अकरा-बारा दिवसांच्या फरकाने ताप, म्हणजे उगम बहुधा एकच. जंतू पोटात गेल्यापासून ताप यायला साधारण आठ ते चौदा दिवस, कधी जास्तही लागतात, म्हणून चौकशी दोन-तीन आठवडे मागे जाऊन करावी लागते. खोलीत नळाचं पाणी दिवसाआड, ते २०० लिटरच्या पिंपात साठवायचं, पिंपात तांब्या बुडवून घ्यायचं. नळ रोज न येणाऱ्या गल्लीत पाइप रिकामा असताना बाजूच्या गटाराचं पाणी फटीतून आत खेचलं जातं, आणि नळ आल्यावर पहिलं येतं ते तेच. पिंपातल्या पाण्यात क्लोरीन तपासणीचं औषध घातलं, पिवळा रंग आला नाही. म्हणजे शिल्लक क्लोरीन शून्य. नळ सुटल्यावर पहिली दहा मिनिटं पाणी सोडून देणं, पिंपाला तोटी बसवणं, पिण्याचं पाणी वेगळं उकळून ठेवणं किंवा २० लिटरला एक अशा क्लोरीनच्या गोळ्या वापरणं, हे लगेच सुरू झालं.

रुग्णाच्या गावच्या विहिरीचंही पाहिलं. व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. चांगल्या, ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ब्लीचिंग पावडरचं साधारण प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, तेव्हा ७० ग्रॅम. पावसाळ्यात पाणी गढूळ असलं तर जास्त लागते. पावडर बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग पाऊण बादली पाणी घालून दहा मिनिटं स्थिर ठेवायची, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायचं आणि बादली वरखाली करून ढवळायचं. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही. तासाभराने क्लोरीन तपासायचं, लिटरला ०.५ मिग्रॅ शिल्लक हवं. संध्याकाळी केलं की सकाळी पाणी भरता येतं. उघड्या पोत्यातली पावडर महिन्याभरात निकामी होते आणि गावोगाव तीच वापरली जाते.

खानावळीत स्वयंपाक करणाऱ्या दोघींच्या शौचाचे प्रत्येकी तीन नमुने, किमान एकेक दिवसाच्या अंतराने, कल्चरला गेले. सगळे निगेटिव्ह. त्यांच्यातल्या एकीला पित्ताशयात खडे आहेत. टायफीचा वाहक, म्हणजे स्वतः आजारी न दिसता जंतू पसरवणारा माणूस, बहुधा पित्ताशयात जंतू बाळगतो आणि ते शौचातून सलग येत नाहीत, मधूनमधून येतात. म्हणून तिचे नमुने महिन्याने परत घ्यायचं ठरलं. तोवर तिने कच्ची कोशिंबीर, ताक, चटणी करायची नाही. शिजवलेल्या अन्नाला हरकत नाही. खोलीतल्या उरलेल्या दोघांना टायफॉईड कॉन्ज्युगेट लस दिली, अर्धा मिली, दंडात, एकच मात्रा. ही लस टायफीपुरती आहे, पॅराटायफॉईड ‘ए’ पासून ती वाचवत नाही, तेव्हा पाणी उकळणं त्यांनाही चुकलेलं नाही.